तीन भिंतींचा तंबू

रा. रा. गोविंदराव यांस बाळाजीचा साष्टांग नमस्कार. पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करायची असते म्हणून करतो. आपली प्रकृती कशी आहे, तीर्थरूप आप्पांचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला, तांबड्या बैलाचा खूर, विहिरीचं पाणी, आणि आता विषय निघालाच आहे तर मालिनीची प्रकृती कशी आहे? (विषय निघाला म्हणून विचारलं. गैरसमज नसावा.) इकडे मी अगदी खडखडीत आहे. भूक लागत नाही, झोप येत नाही आणि एका जागी बसवत नाही, एवढं सोडलं तर माझ्याविषयी काळजीचं कारण नाही.

आपण आणि आप्पा मालिनीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला नाशकास आला होतात, तेव्हा मोटार सुटताना आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "जावईबापू, आता बारशाचं बोलावणं येईल तेव्हा या. तोवर निवांत राहा." त्या क्षणापासून मी निवांत आहे. बोलावल्याशिवाय सासुरवाडीला जाऊ नये, त्यातून बायको बाळंतपणाला गेली असताना तर नाहीच नाही, हे मला माझ्या आईनेही पुन्हा पुन्हा बजावलं आहे. गेलास तर जन्मभर लोक हसतील, म्हणाली. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. पण बाकीचे नऊ ग्रह बोलावणं नसताना खुशाल येतात आणि बसतात, हा अन्याय कोणाच्या लक्षात येत नाही. पत्र लिहावं म्हटलं तर तुमच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र आप्पा जेवणानंतर सुपारी कातरत मोठ्याने वाचतात, आणि तुमचा गडी मंगळूसुद्धा दारात बसून ऐकतो, हे मी दिवाळसणाला डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा सभेपुढे नवऱ्याने बायकोला काय लिहायचं? मी लिहिलं, "इकडे हवा बरी आहे." तिचं उत्तर आलं, "इकडेही हवा बरी आहे." त्यानंतर पंधरा दिवसांत तिकडून हवासुद्धा कळलेली नाही.

मी काळजी करीत नाही. पण पोस्टमन धोंडीराम हल्ली मला लांबून पाहिलं की समोरच्या बोळात शिरतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी मोटारस्टँडपर्यंत जातो, आणि तिथे नेमकी तुमच्या सटाण्याची मोटार आलेली असते. (ती त्याच वेळी येते याला मी काय करणार?) उतरणाऱ्यांना मी सहज विचारतो, "काय, तिकडे सगळं बरं ना?" परवा एका गृहस्थाने आपल्या म्हशीच्या आजारपणाची हकिकत अथपासून इतिपर्यंत सांगितली, आणि मी ती उभ्याने ऐकली, कारण न जाणो, मध्येच कुठे तुमच्या घराचा उल्लेख यायचा. आला नाही. म्हैस वाचली, एवढंच. कचेरीतही तीच तऱ्हा. आमचे वकीलसाहेब शांत माणूस, पण एका फिर्यादीची मी केलेली नक्कल वाचताना त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाळाजी, बांध कोरल्याचा आरोप काळू बिन चंदर याच्यावर आहे. तुम्ही इथे प्रतिवादी म्हणून मालिनी लिहिलं आहे. कापून टाका, आणि जमलं तर चार दिवस कुठे तरी जाऊन या."

जायचं कुठे? हा प्रश्न इसाकने सोडवला. इसाक आपल्याला आठवत असेलच. आमच्या लग्नातला मांडव त्याने शिवला होता. भद्रकालीत त्याचं दुकान आहे, टांग्यांच्या टपांचं आणि ताडपत्र्यांचं शिवणकाम करतो. माझ्या येरझाऱ्यांनी त्याच्या दुकानासमोरची धूळ उडून कापडावर बसायला लागली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बाळाजी, तुला चालायचंच आहे ना? मग चल माझ्याबरोबर. मैदानावर सैलसपाट्याचं प्रदर्शन लागलंय. तिथं चालायला जागा भरपूर हाय, आणि चालणाऱ्याला कुणी येडा म्हणत नाय."

हे प्रदर्शन म्हणजे एक अजब प्रकार होता. 'हवापालट उत्तेजक मंडळ' नावाची कोणी मंडळी एकत्र आली होती, आणि माणसाने घरदार सोडून रानात राहावं यासाठी जे जे सामान लागतं ते ते मुंबई-कानपूरच्या दुकानदारांनी मांडलं होतं. घडीच्या खाटा, घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, गॅसबत्त्या, स्टोव्ह, चहा गरम राहणाऱ्या बाटल्या, गळ, काठ्या, साहेबी टोप्या. घरातली एकही सोय सुटू नये अशा बेताने घर सोडायचं, असा त्या शास्त्राचा सारांश मला दिसला. बघणाऱ्यांची झुंबड होती, घेणारे देवळालीचे दोन-चार साहेब. आणि मधोमध, चार दोऱ्या ताणून, हिरवट रंगाचा एक तंबू उभा होता. त्याची एक बाजू उघडी होती, आत खाट घातली होती, खाटेवर उशी होती. गोविंदराव, खरं सांगतो, तो तंबू पाहिल्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझे पाय थांबले. का ते पुढे येईलच.

आता खरेदीच्या बाबतीत माझी काही तत्त्वं आहेत, ती आपल्याला ठाऊक आहेत. (लग्नात आपण ज्या फेट्याची थट्टा केली होती, तो मी दुकान मोडीत निघालं तेव्हा घेतला होता आणि अजून टिकून आहे. रंग गेला, पण रंगाचे पैसे मी दिलेच नव्हते.) प्रदर्शनात पहिल्या दिवशी घेतो तो गाढव, हे पहिलं तत्त्व. शेवटच्या दिवशी दुकानदाराला माल परत न्यायचं जिवावर येतं, तेव्हा तो पडेल भावाने विकतो. म्हणून मी रोज नुसतं पाहायला जायचं ठरवलं. रोज दारावर तिकीट पडतं ही गोष्ट माझ्या हिशेबात आली नव्हती, पण मोठ्या बचतीसाठी छोटा खर्च करावाच लागतो.

दुसरं तत्त्व, व्यापाऱ्याचा भाव गिऱ्हाइकापेक्षा नेहमी कमी असतो. तेव्हा आपण व्यापारी व्हावं. सकाळची वेळ दुकानदारांसाठी राखीव होती, त्या वेळी मी कोट घालून आत शिरलो आणि कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या पाहू लागलो. आपल्याकडे छागल म्हणतात ना, त्याच. पाणी गार राहतं. एक घ्यायची होती. विकणाऱ्याने विचारलं, "दुकान कुठलं?" मी बेधडक म्हणालो, "बाळाजी आणि कंपनी, सटाणे." नाशिक सोडून सटाणे का तोंडात आलं, देव जाणे. इसाकने माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. भाव खरोखरच कमी निघाला, पण व्यापाऱ्याला एक छागल विकत नाहीत, डझन विकतात. कंपनीची अब्रू होती. मी डझन घेतल्या. त्या मी घरात खुंट्यांना, दाराला, आढ्याला टांगून पाणी भरून पाहिल्या. बाराही उत्तम झिरपतात. घराची मालकीण कुसाबाई वर येऊन म्हणाली, "अवो बाळाजी, नळाचं पानी खाली येतं म्हनून कौतुक करावं, तर तुम्ही वरून पाऊस पाडता व्हय?"

तिसरं तत्त्व, भाव जुळला नाही की पाठ फिरवून चालायला लागावं. दुकानदार हाक मारतोच. तंबूच्या दुकानावर सलाउद्दीन म्हणून मुंबईचा एक म्हातारा होता, मेंदी लावलेली दाढी, आवाज मऊ. त्याच्याशी मी शेवटून दुसऱ्या दिवशी भाव केला, मान उडवली आणि पाठ फिरवली. हाक येईल म्हणून सावकाश चाललो. मग आणखी सावकाश. खुर्च्यांची रांग गेली, गॅसबत्त्या गेल्या, फाटक आलं, मी बाहेर पडलो, तरी हाक नाही! परत आत जायला पुन्हा तिकीट काढावं लागलं. सलाउद्दीन नमाजाला गेला होता. मी पाठ फिरवली हे बिचाऱ्याला कळलंच नव्हतं.

(मध्येच उठून एक फेरी मारून आलो. बसलं की गुडघे आपोआप हलतात आणि अक्षर बिघडतं. क्षमा असावी.)

शेवटचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी मी घासाघिशीचा सगळा पाठ इसाकपुढे म्हणून दाखवला होता: तो असं म्हणेल, मी असं म्हणेन, तो कपाळाला हात लावील, मी टोपी घालीन. सलाउद्दीनने मला पाहिलं आणि विचारलं, "साहेब, रोज येता. आज खरं सांगा, तंबूत झोपणार किती माणसं?" मी म्हणालो, "दोन." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अडीच." म्हातारा हसला. "पहिलंच?" म्हणाला. मी मान डोलावली. त्याने आपण होऊन भाव सांगितला, आणि तो मी मागणार होतो त्याच्याही खाली होता! माझी अवस्था कुस्तीला लंगोट कसून गेलेल्या आणि समोरच्याने मिठी मारलेल्या पैलवानासारखी झाली. पाठ केलेलं एक वाक्यही वापरता आलं नाही. (किंमत इथे लिहीत नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल, आणि कोण मोठ्याने वाचील, सांगता येत नाही.)

तंबू टांग्यात घालून घरी आणला, कुसाबाईच्या अंगणात उभा केला. म्हणजे करायला घेतला. एक दोरी तुळशीवृंदावनाला, एक विहिरीच्या रहाटाला, एक कुसाबाईच्या शेळीच्या खुंटीला. शेळी थोडी हलली की तंबू नमस्कार करायचा. अखेर तो उभा राहिला, आणि मी उघड्या बाजूने आत शिरून दार लावायला गेलो तर लावायला काही नाही. दुसरीकडे फिरलो. भिंत. तिसरीकडे भिंत. मागे भिंत. मग लख्ख प्रकाश पडला. प्रदर्शनात लोकांना आतलं दिसावं म्हणून या नमुन्याच्या तंबूची एक भिंत कापूनच टाकलेली होती! आठवडाभर मी त्या उघड्या बाजूसमोर उभा राहून आतली उशी पाहत होतो, आणि ती बाजू बंद कशी होते हे विचारायचं मला सुचलं नाही. म्हाताऱ्याच्या दयाळूपणाचा अर्थ मला आता कळला. इसाक म्हणतो, तसं नाही; त्याला दया आली हेही खरं आणि भिंत नव्हती हेही खरं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कुसाबाईने आत कुरडया वाळत घातल्या होत्या. म्हणाली, "लय झ्याक सोय केलीत. कावळा येत नाय आन् वारा येतो."

चौथी भिंत शिवून दे म्हणून इसाककडे गेलो, तर नुसत्या कापडाचाच खर्च तंबूच्या वर निघाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी त्याच्याशीही घासाघीस सुरू केली, तेव्हा त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "बाळाजी, तुला ह्यो तंबू कशाला पायजे, ते सांग आधी." मी हवापालट, आरोग्य, रानातली शुद्ध हवा वगैरे सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "शकीलाला आमचा हारुन झाला ना, तवा मी दाराबाहेर बसून व्हतो. दुसऱ्या पोराच्या टायमाला बी बसून व्हतो. करायला माझ्या हातात काय नव्हतं. दाई तर मला हाकलत व्हती. पन आतून तिला माझं खोकनं ऐकू येत व्हतं, असं ती अजून सांगती." एवढं बोलून त्याने सुई उचलली आणि कुणाच्या तरी टांग्याचा टप शिवू लागला. गोविंदराव, आमच्याकडे दाराबाहेर खोकायलासुद्धा आमंत्रण लागतं.

असो. प्रदर्शनाची हकिकत ही अशी झाली. एकंदरीत बचत बरीच झाली असं माझं मत आहे, फक्त ती हातात दिसत नाही. आप्पांना साष्टांग नमस्कार, सासूबाईंना आणि वहिनींना नमस्कार. मालिनीला सांगावं की इकडे हवा बरी आहे. लोभ आहेच, तो प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसासारखा कमी करू नये.

आपला,
बाळाजी

ता. क. बारापैकी अकरा छागली आपल्याला देणार आहे. ही भेट आहे, तरी 'बाळाजी आणि कंपनी, सटाणे' या दुकानाचं नाव मी एकदा सांगून बसलो असल्याने तिकडे कोणी शेतकरी विकत घेत असेल तर पाहावं.

दुसरा ता. क. या पत्राला तिकीट नाही हे आपल्या लक्षात आलंच असेल. पत्र टपालाने आलेलं नाही. मी नाशकात नाही. वकीलसाहेबांकडून रजा घेतली, तंबू मोटारीच्या टपावर टाकला आणि काल दुपारी सटाण्याला उतरलो. आपल्या गव्हाचं रान कापून झालेलं आहे, त्याच्या पलीकडे नदीकाठी बाभळीखाली जो हिरवट तंबू दिसतो आहे, त्यात बसून मी हे सगळं लिहिलं. (नदीचं नाव आराम आहे. मला तो इथेही मिळालेला नाही.) यात कुठलीही रीत मोडलेली नाही, हे आपण आप्पांच्या नजरेस आणून द्यावं. मी सासुरवाडीस आलेलो नाही. मी हवापालटास आलो आहे, आणि आमच्या मंडळाच्या मते सटाण्याची हवा जिल्ह्यात उत्तम आहे. सासुरवाडीचं मी पाणीसुद्धा प्यायलेलो नाही. एक छागल भरून बरोबर आणली आहे. सकाळी तुमचा मंगळू बैल घेऊन आला आणि विचारू लागला, "जवाईबुवा, आठे काय करी ऱ्हायनात? हाऊ तंबू कोना शे?" मी इथे आहे आणि तंबू माझा आहे हे कोणाला सांगू नकोस म्हणून त्याला शपथ घातली. मालिनीचं विचारावंसं वाटत होतं, पण विचारलं बैलाच्या खुराचं. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि आपण होऊन म्हणाला, "ताई बरी शे." आणि बैल घेऊन गेला. तेवढ्या शब्दांवर मी इथे तासभर नुसता बसून राहिलो. गुडघेसुद्धा हलले नाहीत.

तिसरा ता. क. पत्र घडी घालणार तोच मंगळू परत आला. शपथेचा मान त्याने असा राखला की घरात कोणालाही सांगितलं नाही, फक्त मालिनीला सांगितलं. तेही सांगावं लागलं नाही म्हणे. तिने परसातून तंबू पाहिला होता आणि म्हणाली होती, "तीन भिंतींचा तंबू विकत घेणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे." फडक्यात बांधून चार भाकरी, ठेचा आणि कांदा पाठवला आहे, आणि बरोबर निरोप: "आधी जेवा. मग तंबू केवढ्याला पडला ते खरं सांगा." गोविंदराव, भाकरी खाताना डोळ्यांना पाणी आलं. ठेचा तिखट होता असं आप्पांना सांगावं. आपल्याला मात्र खरं सांगतो, ठेच्याला अजून हात लावला नव्हता.

तर आता मुद्द्याच्या दोन विनंत्या. पहिली, तंबू आपला आहे आणि आपणच तो कुठून तरी मागवला असं मालिनीला सांगावं. छागलींबद्दल मी स्वतः पाहून घेईन. दुसरी अशी, की आप्पांनी बारशाचं म्हटलं होतं, ते मला मान्य आहे. मी घरात येणार नाही, ओटीवरही येणार नाही. परसदारी कुठे तरी, दाराबाहेर, आत माझं खोकणं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर बसायचं बोलावणं मिळालं की पुरे. ते लेखी नको. अक्षता नकोत, कोणी न्यायला यायला नको. बांधावर उभं राहून हाक मारली तरी चालेल. हाक मारणं बरं दिसत नसेल तर नुसता हात करावा. मी इकडून बघतोच आहे.